सगळ्यांच्या कानात

प्रिय डेल्फिना,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. घरही कोरडं आहे, फक्त जिन्यातल्या भिंतीला ओल आलीय आणि वरच्या मजल्यावरची बाई तिचं खापर माझ्यावर फोडतेय. खरं सांगू, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडलं की तू जेनोव्याचं हवामान विचारतेस, मग माझा गुडघा, मग "आर्मांदो पेपर आणायला गेलाय, आला की सांगते त्याला," आणि फोन ठेवून मोकळी होतेस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा कॉफी करून घे आणि शेवटपर्यंत वाच, मधली पानं गाळायची नाहीत. लहानपणापासूनची खोड आहे तुझी.

परवा बिएल्लाच्या वरच्या डोंगरातल्या एका गावची मंडळी माझ्या गळ्यात होती. चर्चची वार्षिक सहल. तुला ठाऊक आहेत असल्या सहली: एक फादर, सतत भूक लागलेले म्हातारे, आणि मागच्या वर्षीच्या गाईडनं जास्त दाखवलं होतं असं दर वळणावर ऐकवणारी एक बाई. या खेपेची बाई म्हणजे तेओदोरा, गावातल्या बेकरीची मालकीण. आवाज असा की माझ्या माईकची गरजच पडू नये. पालिकेनं आदल्या दिवशीच मुसळधार पावसाचा नारिंगी इशारा दिला होता. मी फादर एजिदिओंना फोन करून म्हटलं, येऊ नका, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. ते म्हणाले, "पोरी, यातल्या निम्म्यांना पुढच्या वर्षीची सहल दिसेल की नाही देव जाणे. आम्ही येतो." साठी उलटल्यावर कुणी पोरी म्हटलं की काय होतं ते तुला सांगायला नको. मी विरघळले.

बंदरावर बस थांबली तेव्हा आभाळ फाटलेलं होतं. दक्षिणेचा वारा, छत्र्या उलट्या, समुद्र आणि आकाश एकाच घाणेरड्या रंगाचं. फादरनी सगळ्यांना सारखेच पिवळे प्लास्टिकचे रेनकोट वाटले. मी प्रत्येकाच्या गळ्यात रेडिओची डबी अडकवली आणि एका कानात आवाजाचं बोंड खुपसलं. हे यंत्र तू पाहिलेलं नाहीस. मी माईकमध्ये बोलते ते त्यांना ऐकू जातं, त्यांचं मला काही येत नाही. शंभरेक पावलं लांब गेलात, किंवा मध्ये दगडी भिंती आल्या, की खरखर सुरू. त्या गर्दीत एक उंच म्हातारा होता, फाउस्तो, लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झालेला. हात तुझ्या आर्मांदोसारखे, फावड्याएवढे. त्याच्या कानात बोंड बसवत होते तर तो हसून म्हणाला, "समुद्र कुठंय?" मी म्हटलं, "हा काय, तुमच्या पाठीमागे." जरा वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. त्याची बायको इल्दे, छोटीशी, टापटिपीची, घाईघाईनं मध्ये पडली, "थट्टेखोर आहे हो हा. लक्ष देऊ नका." सगळे हसले. मीही हसले.

सान लोरेन्झोच्या चर्चमधून बाहेर पडताना मी मोजलं, आकडा बरोबर आला. आता ऐक माझा गाढवपणा. पाऊस असला की आम्ही गाईड चेहरे मोजत नाही, टोप्या मोजतो. टोप्यांखाली कोण आहे हे कोण बघतंय! त्या टोप्यांमधली एक बसचा ड्रायव्हर ग्विदो याची होती. बसमध्ये कंटाळला म्हणून उरलेला एक पिवळा रेनकोट अंगावर चढवून तो चर्च बघायला आला होता. पुढे गल्ल्यांमधून वर, राजवाड्यांच्या रस्त्यावर पोचलो आणि ग्विदो बसकडे परत गेला. तिथल्या एका वाड्याच्या चौकात पुन्हा मोजलं तर एक कमी.

मी विचारलं, "कोण राहिलं?" इल्दे लगेच म्हणाली, "फाउस्तो. बाथरूमला गेलाय. येईल." इतकं चटकन आणि इतकं सहज म्हणाली की मला संशय आला नाही. आम्ही थांबलो. भिंतींवरच्या चित्रांबद्दल जे दोन मिनिटांत सांगायचं ते मी ताणून ताणून सांगितलं. पुन्हा विचारलं. "त्याला वेळ लागतो हो. तुम्ही चला पुढे, तो गाठेल." तेओदोरानं भुवया उंचावल्या, "इल्दे, एवढा वेळ? तिकडेच संसार थाटला की काय?" हशा पिकला. इल्देही हसली, पण तिची बोटं रेनकोटचं बटण पिळत होती. आणि तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. इशारा लाल झाला होता. महामार्गाकडचा रस्ता थोड्या वेळात बंद करणार, लोकांनी खालच्या भागातून निघावं. ग्विदोचा फोन आलाच, "मिरेल्ला, आत्ताच्या आत्ता माणसं आण, नाहीतर रात्रभर इथंच अडकू."

मी इल्देला दंडाला धरून खांबाआड नेलं आणि म्हटलं, "सिन्योरा, फाउस्तो बाथरूममध्ये नाही. खरं सांगा." ती म्हणाली, "तो कुठे आहे हे त्यालाच माहीत नसणार. हे कुठलं शहर तेही नाही. सकाळी कधीकधी मी कोण तेही नाही." मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? फादरना तरी? तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. "कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका. गावात माहीत नाही. आज लोक त्याला फाउस्तो म्हणून हाक मारतात. उद्या बिचारा फाउस्तो म्हणतील. मला ते ऐकायचं नाही, सिन्योरा, मेले तरी नाही." डेल्फिना, मला त्या बाईचा राग यायला हवा होता. नवरा वादळात हरवलेला आणि हिला लोक काय म्हणतील याची पडलीय! पण राग आला नाही. कुणाची तरी आठवण आली, आणि ती झटकायलाही वेळ नव्हता.

पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, वर्णन द्या, पण सगळ्या गाड्या पूर आलेल्या नाल्याच्या बाजूला आहेत. मी फादरना इतकंच सांगितलं की फाउस्तो मागे राहिलाय, सगळ्यांना बसकडे न्या. पण ऐकतंय कोण! सगळी पिवळी पलटण आमच्या मागे. गल्ल्यांमधून पाण्याचे लोट उतरत होते, दुकानांची शटरं धडाधड खाली येत होती. आम्ही चर्चपर्यंत उतरलो. आत नाही. पायऱ्यांवर नाही. त्या ओल्या दगडांवर पाय ठरत नव्हता, आणि मला त्याचं एकच वाक्य आठवत होतं, समुद्र कुठंय. चर्चपासून बंदर सरळ उतारावर आहे, तुला माहीतच आहे. त्या दिवशी लाटा धक्क्यावर चढून येत होत्या.

मी माईक तोंडाशी धरून बोलायला लागले. "फाउस्तो, मी गाईड मिरेल्ला. जिथे आहात तिथेच थांबा. आम्ही येतोय." पुन्हा पुन्हा तेच. तो रेडिओच्या टप्प्यात आहे की नाही, बोंड त्याच्या कानात आहे की गटारात, काही कळायला मार्ग नव्हता. इल्दे म्हणाली, "तुमचं नाही ऐकणार तो. परकं कुणी थांब म्हणालं की घाबरतो. चालत सुटेल." मी म्हटलं, "मग तुम्ही बोला," आणि माईक तिच्यापुढे धरला. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. मागे वळून बघितलं. आख्खं गाव उभं होतं, प्रत्येकाच्या एका कानात ते बोंड. "सगळ्यांना ऐकू जाईल?" मी म्हटलं, "जाईल. एकालाच ऐकवायची सोय यात नाही." खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिच्या हातात माईक कोंबावासा वाटत होता. फादर एजिदिओंनी आपल्या कानातलं बोंड काढलं, बाकीच्यांना खूण केली. काहींनी काढलं, काहींनी नाही. तेओदोरानं तर नाहीच काढलं.

इल्देनं माझ्याकडून माईक घेतला. आधी नुसताच श्वास ऐकू आला. मग तिच्या आवाजात असा काही बदल झाला, जणू ती ओट्यापाशी उभी आहे आणि बाहेर पाऊसबिऊस काही नाही. "फाउस्तो! किती वेळची हाका मारतेय. जोडे काढ बघू आधी, फरशी पुसलीय मी. आत ये आणि बस. सूप वाढतेय. थंड झालं तर पुन्हा गरम करणार नाही, सांगून ठेवते. मी इल्दे रे. तुझी बायको. काल विसरलास तरी चालेल, आज बस. टेबलापाशी बस, आणि मी येईपर्यंत उठायचं नाही. कळलं? फाउस्तो, जेवायला बस." उताराने चालत चालत ती हेच बोलत होती, आवाज जराही न कापता, आणि गालांवरून जे वाहत होतं ते पावसाचं म्हणायला जागा होती.

बंदरासमोरच्या कमानी आठवतात? तुझ्या होकारासाठी माझी मनधरणी करायला आर्मांदो मला तिथंच तळलेले मासे खायला घेऊन आला होता, आणि सगळे मासे स्वतःच फस्त केले होते. त्याच कमानींखालच्या एका खानावळीत फाउस्तो बसला होता. टेबलाशी ताठ, हात टेबलावर, अंगातून पाणी गळतंय. ओले जोडे खुर्चीखाली नीट शेजारी शेजारी ठेवलेले. खानावळवाली आमच्या अंगावरच आली, "तुमचा का हा? अहो, धक्क्याच्या पार कडेला उभा होता! लाटा अंगावर येतायत, मी बोंबलतेय, हा ढिम्म. आता गेलाच म्हणून मी डोळे मिटले. आणि हा एकदम वळला, आत आला, जोडे काढले, आणि मलाच दटावतो, हळू बोला, इल्दे वाढतेय."

इल्देनं खानावळवालीकडून भाज्यांच्या सुपाचा वाडगा मागून घेतला, स्वतः आणून त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या गळ्याला रुमाल बांधला. तो म्हणाला, "उशीर केलास." ती म्हणाली, "हो, केला." मी तिथल्या पिंपावर बसकण मारली.

रस्ता बंद व्हायच्या जरा आधी बस निघाली. निघण्यापूर्वी मी डब्या गोळा करायला आत चढले. इल्दे पुढच्या बाकावर खाली मान घालून बसलेली, फाउस्तो तिच्या खांद्यावर झोपलेला. मागून तेओदोरा उठून आली. मी मनात म्हटलं, झालं, आता ही तोंड सोडणार. ती म्हणाली, "इल्दे, रोज सकाळी तो दुसऱ्यांदा पाव घ्यायला येतो, तेव्हा त्याला तुझ्या वळणापर्यंत कोण सोडतं असं वाटतं तुला? देवदूत? मी सोडते. पीठ लागल्या हातांनी." इल्देनं मान वर केली. "तुला माहीत होतं?" "मला काय, आख्ख्या गावाला माहीत आहे. न्हावी त्याचे पैसे त्याच्याच खिशात परत घालतो. फादर त्याच्यासाठी प्रार्थनेचं पान उघडून ठेवतात." इल्दे एकदम भडकली, "मग बोलला का नाहीत कुणी?" तेओदोरा तिच्यावर दुप्पट ओरडली, "तू बोलू देशील तर ना! विचारलं की हवापाण्याच्या गप्पा मारतेस!" आणि मग त्या दोघी एकमेकींना धरून अशा रडल्या की ग्विदोनंही हॉर्नवरचा हात काढला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, डेल्फिना. ख्रिसमसला आर्मांदोनं कॉफीत मीठ घातलं, तू म्हणालीस थट्टा करतोय. त्यानं गाडी विकली, तू म्हणालीस डोळे अधू झालेत. ईस्टरला दारात मला मिठी मारून त्यानं हळूच विचारलं, तुम्ही कोणाच्या पाहुण्या? मी हे तुला सांगितलं नाही. तू स्वयंपाकघरातून बघत होतीस आणि मी बघितलं नाही असं मी दाखवलं. आपल्या भावाला, रेन्झोलाही माहीत आहे, तुझ्या समोरच्या बिऱ्हाडालाही. आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसलो होतो आणि तू एकटी धक्क्याच्या कडेला उभी होतीस. हे पत्र त्यासाठी. उत्तर लिहू नकोस, फोन करू नकोस, मला काहीही समजावू नकोस. रविवारच्या गाडीनं मी आंकोनाला येतेय, राहायला, परतीचं तिकीट काढलेलं नाही. दार उघडलंस की तो पेपर आणायला गेलाय असं म्हणू नकोस. त्यानं मला ओळखलं नाही तर मी त्याला माझं नाव सांगेन, रोज सांगेन. तू फक्त टेबल मांड, तिघांचं.

तुझीच,
मिरेल्ला