उतरवलेली माणसं

३ मार्च, सोमवार

आपला माल जातो त्या देशाच्या बंदरात चार कंटेनर अडकले. डिस्पॅचवाल्याने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तोंडात घास असताना. तिकडच्या सरकारने आपल्या हातमोज्यांवर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं. आधी दहा होतं. तिकडचा व्यापारी म्हणतो, माल सोडवून घेणार नाही.

"म्हणजे आपलं काय?" मी विचारलं.

"आपलं काय ते मालक सांगतील." आणि पुढचा घास.

पंधरा वर्षं वेल्डरांचे हातमोजे शिवते आणि शिवून घेते आहे. दुपारी एक जोडी हातात घेऊन बसले. शिवण सरळ होती. तेवढंच बघितलं.

६ मार्च, गुरुवार

मालकांनी सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. खोक्यावर उभे राहून बोलले. याच हॉलमध्ये अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मुक्त व्यापाराच्या कराराचं भाषण केलं होतं. शुल्क उतरलं, आता सगळं जग आपलं गिऱ्हाईक, वगैरे. खोटं नव्हतं ते. बारा मशीनची साठ त्यानंतरच झाली. माझी बढतीसुद्धा.

आज म्हणाले, "घाबरण्याचं काही कारण नाही." तेव्हाच सगळ्या घाबरल्या.

माझ्या शेजारी मुकी उभी होती. मुकी नाही ती. पण दिवसभरात चार वाक्यं बोलली तर खूप, म्हणून नाव पडलं. अंगठा जोडण्यात तिचा हात धरणारी कोणी नाही. काम घटल्याने सोमवारपासून काही मशीनी बंद आहेत. भाषण संपल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, बंद मशीनींना तेल घालून ठेवू?"

म्हटलं, घाल.

९ मार्च, रविवार

काका मंडळी आली. दर रविवारी सकाळी दहाला येतात, आई होती तेव्हापासून. बाबा लष्कराच्या मालवाहू विमानावर लोडमास्टर होते – विमानात काय चढवायचं, कुठे ठेवायचं, कसं बांधायचं, हे सगळं त्यांच्याकडे. पायलटकाका ते विमान उडवायचे. रेडिओकाका जमिनीवरच्यांशी बोलायचे. तिघेही आता पंचाहत्तरीच्या आगेमागे.

आज पुन्हा कोंबड्यांची गोष्ट. डोंगरातल्या ठाण्यावर जिवंत कोंबड्या न्यायच्या होत्या, हवेत पिंजरा उघडला, एक कोंबडी थेट पायलटकाकांच्या नकाशावर जाऊन बसली. रेडिओकाकांनी खाली कळवलं, "विमानात एक प्रवासी जास्त." शंभरदा ऐकली असेल. तिघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

मग विषय शुल्कावर आला. रेडिओकाका तावातावाने म्हणाले, "आपणही लावावं. त्यांच्या मालावर शंभर टक्के."

पायलटकाका म्हणाले, "आपण लावलं की संरक्षण, त्यांनी लावलं की अन्याय. मजा आहे."

बाबा म्हणाले, "तुझ्या कानातलं यंत्र बाहेरचं आहे. त्यावर शंभर टक्के लागलं तर तुला आमचं ऐकू येणं बंद. लागू दे."

पुन्हा हसले. मीही हसले असेन.

११ मार्च, मंगळवार

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. बस म्हणाले तेव्हाच कळलं.

"अकरा जणी कमी कराव्या लागतील. नावं तू काढ. सोमवारी दे."

"कशावरून काढू?"

"तू ओळखतेस सगळ्यांना. फक्त आरडाओरडा नको. दारात मोर्चा नको."

बाहेर आले. पाणी प्यायले. लाइनवर जाऊन बघितलं तर एकीचा दोरा तुटत होता, तो बसवून दिला.

१३ मार्च, गुरुवार

नावं काढली. वीस मिनिटं लागली. वाटलं होतं दोन दिवस लागतील. नाही लागले.

१६ मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

रेडिओकाकांनी सहज विचारलं, "कारखान्याचं काय म्हणतेस?" मी सांगून टाकलं. अकरा नावं काढलीत, उद्या द्यायची आहेत. बाबांनी कप खाली ठेवला.

"मी नऊ काढली होती," ते म्हणाले.

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आईनेही नसावी.

डोंगरात पूर आला होता. एका खोऱ्यात लोक अडकले होते. तिथे नदीकाठी छोटी धावपट्टी होती, तिच्यावर हे तिघे विमान घेऊन उतरले. माणसं चिखलात उभी होती. बाबांनी आत घेतली, दाटीवाटीने बसवली, दार लावायला निघाले. तेवढ्यात पायलटकाकांनी पुढून निरोप दिला – वजन जास्त होतंय, एवढ्याशा पट्टीवरून विमान उठणार नाही, नऊ माणसं उतरव.

"किती, ते त्याने सांगितलं," बाबा म्हणाले. "कोण, ते मी ठरवलं."

मी विचारलं, "कसं ठरवलंत?"

बाबा हाताच्या पाठीकडे बघत म्हणाले, "लेकुरवाळ्या सोडल्या. म्हातारी माणसं सोडली. मग राहिलेल्यांत बघितलं की भांडणार कोण नाही. एक जण माझी कॉलर धरून ओरडत होता, त्याला नाही उतरवलं. कोपऱ्यात एक जोडपं गप्प बसलं होतं. त्यांना म्हटलं, चला. तर उठले. त्यांना वाटलं, जागा बदलायला सांगतोय."

"परत येतो असं सांगितलं का?"

"सांगितलं. खरंच येणार होतो."

पाच दिवस त्या खोऱ्यावरचे ढग हलले नाहीत. सहाव्या दिवशी गेले तर नदीने पट्टी नेलेली. नऊ जणांचं काय झालं ते कधीच कळलं नाही. नावं विचारायची राहिली होती.

पायलटकाका सगळा वेळ बुटांच्या नाड्या सोडून बांधत होते. मग म्हणाले, मी निघतो. चहा अर्धा तसाच राहिला.

१७ मार्च, सोमवार

द्यायच्या आधी यादी वाचली. पहिल्यांदा नीट वाचली.

कामात कच्च्या असलेल्या यात दोनच. बाकीच्या नऊ जणी – एकही भांडणारी नाही. ज्या रजा मागताना दाराशी उभ्या राहतात त्या. जिचं तोंड सुटतं, जी गेल्या वर्षी पंख्यांसाठी काम थांबवून बसली होती, ती नाही. कामाला ती बरी आहे, फार बरी नाही. मुकी आहे. वरून तिसरी.

वीस मिनिटं का पुरली ते कळलं.

नवीन कागद घेतला. मालकांचा फोन आला, "झाली का?" मी म्हटलं, "पुन्हा एकदा बघू का?" ते म्हणाले, "काय बघायचंय? आण."

तीच दिली.

१९ मार्च, बुधवार

मुकीने सगळ्या बंद मशीनींना तेल घातलंय. आच्छादनंसुद्धा धुऊन आणली घरून.

२१ मार्च, शुक्रवार

पाच वाजता एकेकीला बोलावलं. मी सांगायचं, हिशेबनीस पाकीट देणार. रडल्या दोघी. बाकीच्यांनी पाकीट घेतलं आणि "येते ताई" म्हणाल्या, रोज जाताना म्हणतात तसं.

मुकी आली. मी वाक्य पाठ केलं होतं, ते म्हटलं. ती उभी राहिली.

"कोणी ठरवलं, ताई?"

"ऑफिसने."

ती म्हणाली, "ऑफिसला माझं नाव माहीत आहे?"

उपहास नव्हता त्यात. खरंच विचारत होती, असं आधी वाटलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि कळलं की नव्हती विचारत.

घरी आले. जेवले. भाजीत मीठ नव्हतं, असं बाबा म्हणाले. मला जाणवलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

रेडिओकाकांना ताप आहे. पायलटकाका एकटेच आले. विमानाचा विषय निघाला नाही. बाबा आणि ते पत्ते खेळले. निघताना मला म्हणाले, "फाटकापर्यंत ये जरा."

फाटकाला धरून उभे राहिले.

"त्या दिवशी वजन जास्त नव्हतं," म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

"निघताना जेवढं इंधन भरलं होतं तेवढंच मी धरलं. जाताना जळलं ते वजा करायचं राहिलं. घाई होती, पाऊस होता – असो. विमान उठलं तेव्हाच हाताला कळलं, हलकं आहे. फार हलकं. नऊ माणसं आरामात आली असती."

"बाबांना?"

"नाही. त्याला काय सांगू? तू ज्यांना उतरवलंस त्यांना उतरवायचंच नव्हतं, हे? चाळीस वर्षं दर रविवारी ठरवून येतो, आज सांगू. मग कोंबड्यांची गोष्ट सांगतो." मग म्हणाले, "तू सांगितलंस तरी चालेल. माझ्याने होत नाही."

गेले. फाटकाची कडी मी लावली. आत आले तर बाबा पत्ते रंगवार लावत होते.

२६ मार्च, बुधवार

सांगितलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

शुल्क मागे. पूर्ण नाही, सहा महिने स्थगिती. त्या दोन सरकारांची बोलणी चालू झाली म्हणे. डिस्पॅचवाला धावत आला. कंटेनर सुटणार. पॅकिंगमध्ये टाळ्या पडल्या.

बरोबर एक आठवडा.

मालकांकडे गेले. म्हटलं, अकरा जणींना परत बोलावू. ते खुर्चीत मागे रेलले. "एवढ्यात नको. एकोणपन्नास जणींत निघतंय की काम. लागल्या तर चार घेऊ, कंत्राटावर. आणि खरं सांगू? तू यादी छान काढलीस. एक शब्द झाला नाही कुठे."

शाबासकी मिळाली मला.

२९ मार्च, शनिवार

मुकीच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत जुनी शिलाई मशीन, त्यावर शेजारणीचा परकर अर्धा शिवलेला. तिची सासू म्हणाली, बसा. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

म्हटलं, "नाव मी काढलं होतं. ऑफिसने नाही. तू भांडणार नाहीस म्हणून काढलं." आणि कंत्राटाच्या चार जागांचंही सांगितलं.

तिने परकराचा दोरा दातांनी तोडला. "कंत्राटावर नाही येणार," म्हणाली. "पहिल्यासारखं घेत असतील तर येईन. मालकांना सांगा. नाहीतर मी येते, मीच सांगते." पुन्हा सुई ओवली. "अकरा जणींना घेऊन येते."

तिची एवढी वाक्यं मी एका दमात कधी ऐकली नव्हती. सोमवारी दहाला येणार आहेत. मी त्यांच्याबरोबर उभी राहणार आहे, असं तिला सांगून आले. चालत घरी आले. पाय दुखले, ते जाणवलं.

३० मार्च, रविवार

काका गेल्यावर बाबांना सांगितलं. इंधनाचं, नऊ माणसांचं, सगळं. बाबा कप विसळत होते, विसळत राहिले.

"माहीत आहे," म्हणाले. "वजनाचा कागद माझ्याकडेच असायचा. त्याच संध्याकाळी बघितला."

"मग त्यांना कधी बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी त्यालाच विमान उडवायचं होतं."

कप पालथे घातले. हात पुसले. दारातून वळून म्हणाले, "मला माहीत आहे, हे त्याला सांगू नकोस. यायचं बंद करेल तो."