नववा रकाना

३ तारीख, सोमवार
ट्रंक घेऊन ताईच्या जिन्याची दोन वळणं चढले तेव्हा जीव मेटाकुटीला आला होता. खोली बघितली आणि दमणूक पळाली. पूर्वेला खिडकी, भिंतीला टेकवलेलं टेबल, ताईने स्वतः धुऊन घातलेली चादर. ताई माझी मावसबहीण. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून माझी वेणी, माझा अभ्यास, माझं रडू, सगळं हिच्याच पदरात. आता ती इथली मुख्य सरकारी वकील आहे आणि मला तिच्याच हाताखाली नोकरी मिळाली आहे; खाली ऑफिस, वर राहणं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा पहिला दिवस! हसूच आलं.

५ तारीख, बुधवार
काम कळलं. प्रत्येक फौजदारी प्रकरण वाचायचं आणि फाइलीला पट्टी लावायची. साध्याला पांढरी, जरा नाजूक असेल त्याला पिवळी. आरोपी वजनदार आणि साक्षीदार एकटादुकटा असेल, तर लाल. आमचे म्हातारे कारकून म्हणतात, पांढरी म्हणजे झोप, पिवळी म्हणजे चहा, लाल म्हणजे दोन्ही विसरा.

लाल प्रकरणांवर दर आठवड्याला नजर ठेवायची. साक्षीदाराला फोन करून तक्त्याचे नऊ रकाने भरायचे. नववा रकाना : घरातलं कोण, केव्हा एकटं असतं. ताईने समजावलं की संरक्षण नेमकं त्याच वेळी पाठवता येतं. माणसांचा इतका बारीक विचार करणारं ऑफिस मी पहिल्यांदाच पाहते आहे.

११ तारीख, मंगळवार
आज एका लाल प्रकरणातल्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंशी फोनवर पाऊण तास बोलले. त्यांच्या दुकानासमोर गिरणीमालकाच्या मुलाने एका हमालाला मरेस्तोवर मारलं. पाहणारे पुष्कळ असतील, सांगायला तयार झालेल्या या एकट्याच. आधी हो-नाहीपलीकडे बोलेनात. मग मी काजं-बटणांचा विषय काढला, नि गाडी रुळावर आली. दहा वर्षांची मुलगी आहे. एक वाजता शाळेतून येते. बाई दोनपर्यंत कपडे पोचवायला बाहेर असतात, तोवर पोर घरी एकटीच. हे कुणाला सांगत नाही, म्हणाल्या, तुमचा आवाज मायेचा वाटला म्हणून सांगितलं.

नववा रकाना भरला. अक्षर छान आलं.

१७ तारीख, सोमवार
दुसऱ्या एका लाल प्रकरणातला साक्षीदार आज कोर्टात फिरला. ट्रकचालक. काही पाहिलंच नाही म्हणाला. उजव्या हाताला बँडेज होतं.

ताई म्हणाली, असं होतं गं, मनाला लावून घेऊ नकोस. मी मात्र जुने तक्ते काढून बसले. अकरा लाल प्रकरणं, नऊ साक्षीदार फिरलेले. जे दोघे टिकले, त्यांचा नववा रकाना कोरा होता.

१८ तारीख, मंगळवार
तक्त्याच्या तीन प्रती निघतात. एक आमच्याकडे, एक पोलिसांकडे. तिसरीवर नुसतं ‘संबंधित’ लिहिलेलं असतं. हे संबंधित कोण, असं कारकुनांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, मॅडम, हे मी कधी विचारलं नाही, म्हणून तर निवृत्तीपर्यंत पोचलो.

शिवणवाल्या बाईंना फोन केला. उचलला नाही. दिवसभर नाही.

१९ तारीख, बुधवार
दुकानावर गेले. शेजारीण सांगत होती : काल दुपारी ऑफिसातून एक बाई आल्या. माझं नाव सांगितलं, म्हणून पोरीने दार उघडलं नि त्यांच्याबरोबर गेली. संध्याकाळी तिला परत आणून सोडलं. अंगावर ओरखडा नाही. फक्त वेणी कापलेली. कापलेली वेणी तिच्याच हातात, टोकाला दोऱ्याची नीट गाठ.

तशी गाठ मी ओळखते. माझ्या वेणीला दहा वर्षं तीच होती.

२० तारीख, गुरुवार
बाईंनी साक्ष फिरवली. काहीच पाहिलं नाही म्हणाल्या. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ताईला सरळ विचारलं. ती संत्रं सोलत होती. नाकारलं नाही. म्हणाली, आपण नाही घातली तरी कुणीतरी भीती घालणारच, आणि त्यांना ती हात राखून घालता येत नाही. माझ्या यादीतलं कुणी मेलं का, दाखव. मग एक फोड माझ्यापुढे केली. कुंपणच शेत खात होतं, नि शेताला समजावतही होतं.

मी घेतली ती फोड. का घेतली —

२१ तारीख, शुक्रवार
वरच्या न्यायाधीशांकडे तक्रार लिहिली. पाठवायला खाली ऑफिसात आले तर माझ्या टेबलावर नवी फाइल. लाल पट्टी. साक्षीदार म्हणून माझं नाव.

आठ रकाने भरलेले, नववा कोरा. ताईचं अक्षर. कशाला घाबरते, कशाने रडते. आईच्या आवाजात हाक मारली की दार उघडते —

हे मी फक्त तिलाच —

२२, शनिवार
कारकून आले नाहीत. ताई सकाळीच बाहेर. जिन्याचं दार बाहेरून लावलेलं.

फोन आला. नवीन मुलगी, माझ्याच जागेवर लागलेली. किती गोड बोलते. तिला सगळं सांगितलं. तिसरी प्रत, वेणी, सगळं. पळ म्हटलं. मी इथे अडकलेय म्हटलं, घरात कुणी नाही म्हटलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, जरा सावकाश सांगाल का, लिहून घेतेय —

म्हणजे नववा रकाना मीच आता —

खाली कडी निघाली. कुणीतरी हाक मारतंय. ताई नाही. आवाज आईचा —

पाय उठताहेत माझे, मी नको म्हणतेय तरी —