मशीनखालच्या तीन फरश्या

बाबा,

गेल्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी क्लबच्या मैदानावर गेलो होतो. खेळायला नाही, माझे गुडघे आता जिना चढतानाही कुरकुर करतात. ऑफिसातल्या एकाची गाडी बंद पडली होती, त्याला सोडायला गेलो. नेटमध्ये बोलिंग मशीन चालू होतं. मशीनमागे एक पन्नाशीचा, टक्कल पडलेला गोरा माणूस उभा. त्यानं चेंडू हातात उंच धरून फलंदाजाला दाखवला, "घ्या" म्हणाला आणि मशीनमध्ये सोडला. मी जागीच थांबलो. पुन्हा चेंडू वर, पुन्हा "घ्या". मी जवळ जाऊन विचारलं, हे तुम्ही काय म्हणता? "नो आयडिया, मेट. इथे सगळे असंच म्हणतात." त्याला सांगता आलं असतं. मी नुसतं ओके म्हणालो आणि मशीनच्या पायांकडे पाहिलं. तुम्ही बसवलेल्या तिन्ही फरश्या तिथेच आहेत. कडेनं गवत चढलंय, पण एकही खचलेली नाही.

घरी आल्यापासून हे पत्र डोक्यात आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता लिहून काय उपयोग, असं तुमची सून म्हणेल, म्हणून तिला सांगितलेलं नाही. फरश्यांचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. त्या उन्हाळ्यातले तुमचे शेवटचे सात आठवडे मैदानावर न जाता आमच्या किचनच्या खिडकीपाशी का गेले, ते मला सांगायचं आहे.

तुम्ही आलात एप्रिलच्या अखेरीस, आई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. नागपुरात एकटे काय करणार, सप्टेंबरपर्यंत राहा इथे, असा माझा आग्रह. आणि इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या मे महिन्यात तुम्ही माकडटोपी घालून हीटरला पाठ लावून बसलेले. आम्ही दोघं सकाळी कामाला गेलो की संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलायला कुणी नसे. चौथ्या की पाचव्या दिवशी घरी आलो तर तुम्ही किचनमध्ये जमिनीला गाल टेकवून पडलेले. मी हातातली बॅग टाकून धावलो. तुम्ही वॉशिंग मशीनच्या खाली बघत होतात. कपडे पिळायला लागलं की ते मशीन किचनभर चालायचं, आणि तीन वर्षं आम्ही नवरा-बायको त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभे राहत होतो. तुम्ही त्याचा एक पाय अर्धा फेरा फिरवलात आणि ते गप्प झालं. "यंत्राचा दोष नसते रे," म्हणालात. "आधी जमीन पाहायची." सगळी नोकरी मोजणी खात्यात झाली तुमची. शेताच्या बांधावर तिपाई रोवायची आणि दोन सख्खे भाऊ समोर काठ्या घेऊन उभे असताना हद्द दाखवायची. तुम्ही केलेल्या मोजणीवर कधी अपील झालं नाही, हे तुम्ही पाहुण्यांना चहाआधी सांगायचात.

त्याच गुरुवारी तुम्हाला क्लबला नेलं. मला तिथे तिसरा उन्हाळा होता, आणि तीन उन्हाळ्यांत माझं नाव नीट उच्चारणारे दोघेच निघाले होते. कॉलेजात मी ओपनर होतो, असं मी तिथे ठोकून दिलं होतं. कॉलेजात मी बारावा होतो आणि पाण्याच्या बाटल्या नेत होतो, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही ते तिथे कधी बोलला नाहीत. माझी मजल तिसऱ्या टीमपुढे जात नव्हती, आणि त्याचं खापर मी त्या मशीनवर फोडत आलो होतो. खोटंही नव्हतं म्हणा. क्लबनं मशीन जुनं घेतलेलं, नेटची जमीन एका अंगाला उतरती, इंग्लंडचं ओलं गवत. रबरी चाकांमधून चेंडू सुटला की मशीनला मागे झटका बसे, आणि दहा-बारा चेंडूंत एक पाय रुतून तोंड भलतीकडे होई. एक चेंडू पायाशी, पुढचा कानाजवळून. मग कुणीतरी पायाखाली विटेचा तुकडा सरकवायचं, कुणी त्यावर आपली किटबॅग ठेवायचं. तुम्ही बाकावर बसून तासभर हे पाहिलंत. गाडीत बसल्यावर म्हणालात, "शिकलेसवरलेले लोक, आणि तीन पायांचं यंत्र ठेवता येऊन नाही राहिलं?"

पुढच्या गुरुवारी तुम्ही खिशात सुटकेसचं कुलूप आणि शिवणाचा दोरा घेऊन आलात. ओळंबा नागपुरात राहिला होता, म्हणून दोऱ्याला लोंबवायला कुलूप. पातळी बघायची पाणसळ आपण वाटेत दुकानातून घेतली. ग्राउंड्समन हा अख्ख्या क्लबात सगळ्यात तिरसट म्हातारा; त्याच्या गवतावर पाय ठेवला तर तो आपल्या कप्तानालाही सोडायचा नाही. तुम्हाला इंग्रजी बेताचं, त्याला मराठीचा गंधही नाही. तरी अर्ध्या तासात तुम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फावड्यानं गवताचे चौकोन कापत होतात. तीन फरश्या गवताच्या पातळीत बसवल्यात, वरून गवत कापायचं यंत्र फिरलं तरी अडू नयेत अशा. प्रत्येकीत छिन्नीनं एकेक खळगा, त्यात मशीनचा पाय. एक पाय बरोब्बर मागे, झटका घ्यायला, दोन पुढे. मधून कुलूप लोंबत ठेवलेलं आणि त्याच्याखाली जमिनीत खिळा. दर सहा चेंडूंनंतर तुम्ही वाकून पाहायचात, कुलूप खिळ्यावर आहे ना. पहिल्या दिवशी तुम्ही पिचवर तुमचा रुमाल अंथरलात आणि सहाच्या सहा चेंडू रुमालावर पडले. लोक टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही रुमाल झटकून घडी घालत होतात. आई गेल्यानंतर तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. जून सरेपर्यंत मला ऑफिसात फोन यायला लागले, "तुझे डॅड गुरुवारी येतायत ना?" मी येतोय का, हे कुणी विचारत नव्हतं.

जुलैतला तो गुरुवार तुम्हालाही आठवत असेल. दुसऱ्या टीमच्या कप्तानानं मला सांगितलं होतं की आज नीट खेळलास तर शनिवारी तुला ओपनिंगला घेतो. मी पॅड बांधून उभा. तुम्ही चेंडू वर धरलात, "घ्या." ऑफ स्टंपवरून उसळणारा चेंडू, वेगानं. हुकला. पुन्हा तोच, पुन्हा तिथेच. चौथा, पाचवा, सगळे एका ठिपक्यावर, आणि मी दर वेळी ऐनवेळी पाय लेगकडे काढून घेतोय, हे नेटमागच्या सगळ्यांना दिसतंय. "यू आर बॅकिंग अवे, मेट," कप्तान म्हणाला. मी इंग्रजीत म्हणालो, मशीन सरकलंय. तुम्हाला त्यातला मशीन शब्द कळला. तुम्ही खाली वाकलात, कुलूप पाहिलंत, खिळा पाहिलात, उठलात आणि सगळ्यांदेखत मला म्हणालात, "मशीन जागेवर आहे. तुझा पाय सरकून राहिला." कप्तानाला कळावं म्हणून माझ्या पायाकडे बोटही दाखवलंत, आणि लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. तुम्ही बांधावर उभे होतात आणि तुम्हाला हद्द विचारली होती, तुम्ही ती दाखवलीत. शनिवारी दुसराच कुणी ओपनिंगला गेला.

गाडीत तुम्हीच म्हणालात, "भीती वाटते तर वाटू दे. सांगायचं तसं. मी वेग कमी करतो, हळूहळू वाढवू." माझ्याशी इतक्या मऊ आवाजात तुम्ही लहानपणीही बोलला नव्हतात. मला त्याचाच राग आला.

पुढच्या आठवड्यात क्लबनं विचारलं, शाळांना सुट्ट्या लागतायत, मुलांचा कॅम्प आहे, तुझे डॅड आठवड्यातून तीन दिवस मशीन सांभाळतील का, दुपारचं जेवण आम्ही देऊ. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही स्वेटर घालून, बूट हातात घेऊन पॅसेजमध्ये तयार उभे, कुलूप खिशात. आणि मी म्हणालो, "बाबा, एक प्रॉब्लेम आहे. व्हिझिटर व्हिसावर काम करता येत नाही."

"काम कुठं आहे ते? चेंडू तर टाकतो मी."

"ते जेवण देणार आहेत. जेवण म्हणजे मोबदला झाला."

"मग डबा नेतो ना मी."

माझे कायम राहण्याचे कागद तेव्हा क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसला गेलेले होते, रोज पोस्टाची वाट बघत होतो, तेवढी भीती खरी होती. मी म्हणालो, थांबा, विचारूनच टाकतो त्यांना, आणि तुमच्यासमोर पॅसेजमधला फोन उचलला. "येस. ही इज माय फादर. नो, नो मनी, ओन्ली लंच. आय सी. आय अंडरस्टँड. थँक यू व्हेरी मच." फोन ठेवून तुम्हाला सांगितलं की नाही म्हणाले, उगाच कुणी तक्रार केली तर माझ्या अर्जावर येईल. तुम्ही मनगटावरच्या घड्याळात पाहिलंत. "साडेसहा वाजून गेले. इथं सरकारी ऑफिसात या वेळेला फोन उचलतात?" मी म्हणालो, इथे उचलतात. "चांगलं आहे," म्हणालात आणि बूट भिंतीला लावून ठेवलेत.

क्लबला मी सांगितलं की तुमची तब्येत बरी नाही. त्यांनी सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड पाठवलं, लवकर बरे व्हा म्हणून. ते मी ऑफिसातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तुम्ही किचनच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसायला लागलात. शेजारचा गवत कापायला निघाला की मान पुढे काढून बघायचात. तुमची सून एकदा भांडी आवरता आवरता म्हणाली, "बाबा फार गप्प झालेत रे. चेंडू टाकायलाही व्हिसा लागतो? व्हॉलंटरी आहे ना ते?" मी तिच्यावर खेकसलो की तुला नियम कळतात का. तुम्ही ऐकलंत, आणि तिला म्हणालात, "जाऊ दे बेटा. त्याच्या कागदांना त्रास नको माझ्यामुळे."

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एक कागद दिलात. मशीन कसं ठेवायचं त्याचा नकाशा. वर उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण, तीन फरश्यांमधली अंतरं, कुलपाचं ठिकाण, आणि कोपऱ्यात तुमची सही, मोजणीच्या नकाशावर करायचात तशीच. "क्लबला दे. पावसानं जमीन खचली तर परत बसवता येईल त्यांना." तो दिला असता तर तुम्ही कधी बरे झालात असं कुणी विचारलं असतं, म्हणून मी दिला नाही. नागपूरहून तुमचा फोन यायचा, आणि ख्यालीखुशाली झाली की तुम्ही विचारायचात, मशीन कसं आहे, नकाशा दिलास का. दिला, मी म्हणायचो, त्यांनी भिंतीवर लावलाय. जानेवारीत तुम्ही गेलात. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. माझा पाय लेगकडे जायचा तो जातच राहिला, आणि दोन वर्षांनी मी खेळणं सोडलं.

नकाशा माझ्या पासपोर्टाच्या फाइलीत आहे, हे पत्रही तिथेच ठेवतो. त्या म्हाताऱ्या ग्राउंड्समननं नकाशाशिवायच त्या फरश्या राखल्या, आणि तुमच्या मागून आलेल्या प्रत्येकानं तुमचा शब्द राखला. मी तेवढंही केलं नाही. मला तुमची फार आठवण येते, आणि आठवण आली की ती पॅसेजमधल्या बुटांपाशी जाऊन थांबते. अख्खी हयात सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला पाचनंतर कचेरीत कोण असतं ते ठाऊक नसेल, असं मी कसं धरलं, देव जाणे. बाबा, मी व्हिसाच्या ऑफिसला फोन लावलाच नव्हता. इथे एक नंबर आहे, तो फिरवला की टेपवरचा आवाज घड्याळातली वेळ सांगतो. मी येस, येस म्हणत होतो, आणि तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता की सहा वाजून चौतीस मिनिटं झाली आहेत.