पाठमोरं नाणं

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं मजेत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्याबरोबर वहिनीही, पण ते नेहमीचंच.

तुमच्या टांकसाळीच्या नाणे समितीला मी आज आणखी एक प्रस्ताव पाठवला आहे. हसू नकोस. नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाच्या किल्लीचं नाणं त्यांनी नाकारलं, विजेच्या तारा ओढणाऱ्यांचं नाकारलं, पूल रंगवणाऱ्यांचं तर पोचल्याचंही कळवलं नाही. मी पक्का निगरगट्ट आहे. पण खरं सांगू का, ते सगळे हात बसावा म्हणून लिहिले होते. लिहायचा होता तो हाच, आणि त्याला धीर होत नव्हता.

पुढच्या वर्षी बोगद्याला पन्नास वर्षं होतील. त्याचं नाणं निघणार आणि त्यावर कंपनीच्या मोठ्या साहेबांचं तोंड असणार, असं इथे जो तो बोलतोय. छतातून माती गळतेय, टेकूंना लाकूड द्या, असं सांगायला मी ज्यांच्या दारात उभा होतो, तेच हे साहेब. मी बोगद्याचा सुतार. लाकूड मागायला बाहेर आलो म्हणून आज पत्र लिहितोय. साहेबांनी लाकूड दिलं नाही, छत कोसळलं आणि आतले आठही जण गेले. ते तोंड मी खिशात वागवणार नाही.

माझ्या नाण्यावर ते आठ जण हवेत, आणि तेही पाठमोरे. आम्ही एकामागून एक आत शिरायचो. कंदील कमरेला मागच्या बाजूनं अडकवायचो, म्हणजे मागच्याला वाट दिसे. त्यामुळे तोंडं फारशी पाहिलीच नाहीत, पाठी मात्र आजही डोळ्यांपुढे आहेत. मुकादमाच्या मानेवर टॉवेलाची गुंडाळी. उंच्याची मान छताच्या धाकानं कायमची वाकलेली. दोघा भावांच्या सदऱ्यांना एकाच कापडाची ठिगळं. गवई गात असो वा नसो, मान डावीकडे टाकूनच चालायचा. उरलेल्यांचं सोबतच्या कागदावर लिहिलंय.

तुला निवृत्त व्हायला वर्ष राहिलंय. जाता जाता एवढं कोर. नाहीतर मी येऊन तुमच्या फाटकावर बसेन आणि चारचौघांत तुझी शोभा करीन.

लोभ वाढव. वाढत नसेल तर आहे तेवढा तरी टिकव.

तुझा
दादा

ता. ९ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

फाटकावर बसायला येऊ नकोस, पहारेकरी तुझ्यासारखाच हट्टी आहे. वहिनीला म्हणावं, गुडघ्याला शेक दे आणि नवऱ्याला काम दे.

तुझे आठ जण कोरून झाले. आधी आम्ही प्लास्टरची परातीएवढी प्रतिकृती करतो, मग यंत्र तिचं नाण्याएवढं करतं. तुझ्या कागदावर होतं तसंच सगळं केलं. कंदिलांचा उजेड कसा दाखवावा, यावर आठवडाभर डोकं फोडलं. शेवटी प्रत्येकाच्या टाचा जरा उठावदार केल्या, कारण उजेड तिथेच पडणार. रांगेच्या मागे थोडी जागा मोकळी राहिली.

काल ती समितीपुढे ठेवली. एका सभासदानं उचलून मागची बाजू पाहिली, तोंडं तिकडे आहेत की काय म्हणून. अध्यक्षांनी काम सुरेख आहे असं तीनदा सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की आता पण येणार. बिनतोंडाचं नाणं आजवर पाडलेलं नाही आणि पाडायचंही नाही, असं त्यांचं म्हणणं. बराच खल झाल्यावर त्यांनी तोड काढली. साहेबांचं तोंड नको तर नको, पण रांगेतला एक जण वळून बघताना दाखवायचा. आणि तो एक म्हणजे त्यातून वाचलेला, म्हणजे तू. तुझा तरुणपणीचा फोटो आला की पुढच्याच बैठकीत मंजुरी देतो, असा शब्द त्यांनी दिला आहे.

तुझ्यापासून काय लपवायचं? सगळी नोकरी मी दुसऱ्यांच्या चित्रांच्या कडा आणि आकडे कोरण्यात घालवली. माझं स्वतःचं एकही नाणं कधी पडलं नाही. हे पडावं असं मला फार वाटतं. तरीही मी हो म्हटलेलं नाही. तू काय ते ठरव.

राग आला तर पत्रातच काढ, वहिनीवर नको.

तुझी
ठकी

ता. १७ मे

चि. ठकीस आशीर्वाद. वि. वि.

फोटो पाठवत नाही.

तू रागावशील, रागाव. तुझं नाणं माझ्या एका फोटोपायी अडणार, हे मला कळतं आणि त्यानं जीव तुटतो. तुझ्या वहिनीनं ट्रंक उघडून फोटो शोधलाही होता. तो हातात धरून मी बराच वेळ बसलो. केस दाट होते आणि अक्कल कमी होती, एवढं त्यात दिसतं.

पण त्या रांगेत मी वळून बघणारा झालो, तर बघणारा प्रत्येक माणूस माझंच तोंड बघेल. ते आठ जण माझ्या फोटोच्या मागचा पडदा होतील. जे गेले त्यांची सजावट करून मी पुढे यायचं, हे मला जमायचं नाही. मी टेकूंना लाकूड आणायला गेलो होतो, मिरवायला नाही. समितीला सांग, त्याचं तोंड बघायचंच असेल तर घरी या, तो चहा पाजेल.

पाठमोरेच. नाहीतर नाणं नको.

यावर भांडायचं असेल तर भांड, पण लोभ आवळू नकोस.

दादा

ता. ३० ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

भांडणार होते. तीन पत्रं लिहून फाडली. मग पुन्हा प्रतिकृतीसमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात एकाला वळवून पाहिलं. बाकीचे सात खरोखरच पुसट झाले. तुझंच खरं होतं, आणि हे लिहिताना माझा हात किती जड झालाय ते अक्षरावरून कळेलच.

बैठकीत मी उभं राहून नाही म्हटलं. आवाज चढला होता, असं नंतर शिपायानं सांगितलं. मग साहेबांच्या तोंडाचं नाणं मंजूर झालं आणि ते मीच कोरावं असं ठरलं. त्यालाही नाही म्हटलं. आता निवृत्तीपर्यंत मला जुने ठसे पुसायला बसवलंय. पुसते आहे. झोप छान लागते.

आमच्याकडे नापसंत प्रतिकृती कोरणाऱ्यानं आपल्याच हातानं फोडायची असते, दुसऱ्या कुणी तिचा उपयोग करू नये म्हणून. तुकड्यांचं कुणाला सोयरसुतक नसतं, माळी ते कुंड्यांच्या तळाशी घालतो. फोडायची हा नियम आहे, कशी फोडायची हे कुठे लिहिलेलं नाही. फोडण्याआधी दुपारच्या सुट्टीत मी तिच्यावर आणखी थोडं काम केलं आणि मागून पटाशीनं माणसामाणसांच्या मधून खोल खाचा पाडल्या. मग साक्षीला आलेल्या कारकुनासमोर हातोडी घातली. इतकं नीटनेटकं फुटलेलं आपण पाहिलं नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, सरावानं जमतं.

माळ्याला यंदा माझे तुकडे मिळाले नाहीत. ते कापसात गुंडाळून पेटीतून पाठवले आहेत. ज्याचा तुकडा त्याच्या घरी दे. पण आधी सगळ्यांना बोलावून एकदा जुळवून बघ.

तुझी हट्टी, कारण तुझीच,
ठकी

ता. २ ऑक्टोबर

चि. ठकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेटी पोचली. काल आठही घरची माणसं आमच्याकडे आली. माणसं जास्त, खुर्च्या कमी, त्यामुळे मीच दाराला टेकून उभा होतो. मुकादमाचा मुलगा आता माझ्याहून म्हातारा दिसतो. त्यानं टॉवेलाची गुंडाळी पाहिली आणि तुकडा कुणाच्या हाती देईना. गवयाची बायको डोळ्यांनी अधू झालीय. तिनं बोटं फिरवली आणि मान डावीकडे कललेली लागताच हसली. ठिगळं बघून दोन्ही भावांच्या नाती भांडल्या की कुठला कुणाचा. कालच्याइतकं समाधान मला आयुष्यात झालं नव्हतं.

तुकडे टेबलावर जुळवले आणि एक उरला. रांगेच्या शेवटचा. उजव्या खांद्यावर भलामोठा ओंडका, डावा खांदा पडलेला, घाईनं आत निघालेला. मी प्रत्येक घराला विचारलं, कुणाचाच नव्हता. मला तुझा राग आला. आठ सांगितले असताना कुणा परक्याला तू आमच्यात घुसवलंस, कागद नीट वाचला नाहीस, असं मी सगळ्यांदेखत बडबडलो. कोण हा, म्हणून तुकडा उलटापालटा करून पाहिला.

तुझी वहिनी आतून हात पुसत आली, तिनं एकदाच पाहिलं आणि मला वेड्यात काढलं. इतकी वर्षं मी ह्यांना दारातून कामावर जाताना बघतेय, असं ती म्हणाली, आणि ह्यांना स्वतःची पाठ ओळखता येत नाही.

मग मला आठवलं. लग्नाआधी त्या दारात तू उभी असायचीस. आठ वर्षांची, वेणी न घातलेली. मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत आत जायची नाहीस.

ठके, तू मला लाकूड घेऊन आत पोचवलंस. मी सगळ्यांसमोर रडलो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आज समितीला नवा प्रस्ताव टाकला आहे. तेच नाणं, सगळे पाठमोरे. नाकारतील, तर पुढल्या वर्षी पुन्हा टाकीन. बदल एकच केला आहे. आठ खोडून नऊ लिहिले आहेत.

तुझ्या लोभात असलेला,
दादा