अर्धा वैद्य, अर्धा डॉक्टर, पुरा मी

५ नोव्हेंबर २००३, बेल्लमपल्ली
मी येडा नाही. हे पयले लिहून ठेवतो.
हॉटेलात गर्दी झाली की छाती धडधडते, हातातला चहा सांडतो. झोप लागली की ओरडत उठतो. एवढंच. पण मालक मल्लय्या म्हणाला, दवाखान्यात जा, नाही तर गावाला जा. गेलो. बुधवारी मनाचे डॉक्टर येतात. झोपताना घ्यायला गोळ्या दिल्या. वरून म्हणे, दर बुधवारी येऊन बोला. बोलून कोणाचा ताप उतरला?

९ नोव्हेंबर, बेला
गावी आलो. रुक्मी इथंच माहेरी अडून. म्हणते, तुमी आधी बरे व्हा, मंगच बेल्लमपल्लीला येतो. बायको आहे का मास्तरीण!
पांडुरंगराव वैद्यांनी अश्वगंधाचं चूर्ण दिलं, मधातून घे म्हणाले. डोक्याला ब्राह्मीचं तेल. विचारलं, दुसरं औषध चालू आहे का? म्हणलो, नाही जी. मोठ्या माणसाचा मान राखला पायजे.

११ नोव्हेंबर, बेल्लमपल्ली
आयडिया! साऱ्या गोळ्या खलात कुटल्या, चूर्णात मिसळल्या, वरून मध. बरणी भरली. मधाच्या अनुपानाशिवाय औषध म्हणजे कोरडी भाकर. डॉक्टरला हे कोणी शिकवलंच नाही. आठ दिवसांत रुक्मीला आणतो. स्पेशल जीप करून.

१२ नोव्हेंबर, सकाळ
बुधवार आहे. जात नाही. मोठा चमचा घेतला. झोपेपर्यंत कोण थांबते?

१३ नोव्हेंबर
काल ऐन गर्दीत इडलीच्या पिठाच्या पातेल्याला टेकून झोपलो. मल्लय्यानं तोंडावर पाणी मारलं तरी उठलो नाही म्हणतात. पण चहा एक थेंब सांडला नाही! हे कोणी पाहत नाही. मल्लय्यानं बेल्याला फोन केला. चुगलखोर.

१९ नोव्हेंबर
मल्लय्यानं ओढत दवाखान्यात आणलं. बेंचवर पांडुरंगराव अन् रुक्मी. रुक्मीच्या हातात माही बरणी, मल्लय्यानंच दिली असन. तिच्या बाजूला टेकलो. वाटलं, आता वैद्य-डॉक्टरची जुंपते, मजा पाहू. जुंपलीच नाही. दोघांनी बरणी हुंगली अन् दोघं मिळून माझ्यावर घसरले. वैद्य म्हणाले, लेका, मध माह्या औषधाला सांगितला होता, त्यांच्या गोळीला नाही. डॉक्टर म्हणाले, तेल लावा, चूर्ण सध्या बंद, गोळी झोपतानाच. वैद्यांनी मान डोलावली. फितूर!
मंग डॉक्टरनं विचारलं, कायचं भेव वाटते?
म्हणलो, कायचंच नाही.
रुक्मी म्हणाली, मंग माहा हात काऊन धरून राह्यले?
सोडला.
मंग पुन्हा धरला. बेंच हलत होता.