तिसऱ्यांदा ती गप्प राहते

१४ मार्च २०२०, मीरा रोड

वर्गातून येणारा कवितेचा सूर अजून कानात आहे. परभणीकडच्या आमच्या गावात आम्हा गावकुसाबाहेरच्या पोरांना शाळेच्या ओट्यावर बसवायचे. आत गुरुजी ओळ म्हणायचे, मुलं मागून म्हणायची, आणि मी भिंतीला कान लावून सगळं टिपायचो. तेव्हापासून माणूस चेहऱ्याआधी आवाजावरून ओळखायची सवय लागली. आज बेव्हर्ली पार्कातल्या उदयच्या घरात पाऊल टाकलं, तर शेजारी कुणाची तरी पोर त्याच चालीत कविता घोकत होती. म्हटलं, नानासाहेब, शकुन चांगला आहे.

बायको, वैजयंता, गेल्यापासून गावी एकटाच होतो. आता मुलापाशी कायमचा आलो. सून संघप्रिया नर्स आहे, जिभेची तिखट. म्हणाली, पपा, घर दाखवते, पण प्रत्येक खोलीत एक कविता चालणार नाही हं. बाल्कनीतून खाडी दिसते असं उदय सांगतो. मला इमारतीच दिसल्या. पण वारा खारा आहे खरा.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती आणि रस्ता सुना. असं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तिघांनी घरातच मेणबत्त्या लावून वंदना घेतली. संघप्रिया करोनाच्या वॉर्डात ड्यूटी करते, म्हणून ती आपल्या खोलीत दार लावून बसते. मी त्रिशरण म्हणतो, ती दाराआडून मागे म्हणते. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जायचं ते तीनदा: एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दाराआडचा तो आवाज ऐकला की मला ओटा आठवतो, पण आता त्याचं दुखत नाही.

ती घरी येते तेव्हा आधी साबणाचा आणि सॅनिटायझरचा वास येतो, मग ती. थेट आंघोळीला जाते. मास्क लावूनच स्वयंपाक करते.

२ मे

हल्ली विसरतो. चौथीतली झऱ्याची कविता अख्खी पाठ आहे, सकाळी पोहे खाल्ले की उपमा ते सांगता येत नाही. उदयने डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि गप्पा मारून पुन्हा विचारले. एकच आठवला. डॉक्टर म्हणाले, घरात कोंडून राहिल्याने, धास्तीने या वयात असं होतं, लक्ष ठेवा. उदय हळूच संघप्रियाला म्हणत होता की वाढलं तर वसईकडे एक आश्रम आहे, तिथे चोवीस तास माणसं असतात. त्याला वाटतं मला ऐकू कमी येतं.

मला या घरातून जायचं नाही. एकदा बाहेर बसून झालं आहे.

११ मे

उदय पॉझिटिव्ह. पांढऱ्या पोशाखातली माणसं त्याला सेंटरवर घेऊन गेली. जाताना म्हणाला, पपा, टेन्शन घेऊ नका, संघप्रिया आहे ना.

१३ मे

काल संघप्रिया ड्यूटीवरून कधी आली कळलंच नाही. चावीचा आवाज नाही, साबणाचा वास नाही. वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी, मास्क लावून. जेवण वाढलं. बोलली नाही. दमली असेल.

वंदनेला तिने दाराआडून साथ दिली, पण दोनदाच. तिसऱ्या वेळी मी थांबून राहिलो. पलीकडे शांत.

मीच चुकलो असेन. मोजताना हल्ली चुकतो.

१४ मे

आज बोटं धरून म्हटलं. एकदा, तिचा आवाज आला. दुसऱ्यांदा, आला. तिसऱ्यांदा नाही. बौद्धाच्या घरातली पोर, झोपेतसुद्धा तिसऱ्यांदा म्हणेल.

आवाज तिचाच आहे. पण गुरुजींच्या मागून म्हणणाऱ्या पोरांसारखा: अर्थ न कळता, नुसती चाल उचललेली.

१५ मे

उदयला फोन केला. सांगितलं, ही संघप्रिया नाही. तो म्हणाला, पपा, हे तुम्ही कालपण सांगितलंत. मला आठवत नाही. म्हणाला, तिचे मेसेज येतात, ड्यूटी जड आहे, फोन उचलत नाही एवढंच. तुमचं डोकं दमलंय. सुटलो की आश्रमाचं बघू.

आता कुणाला काही सांगायचं नाही. सांगितलं की मला नेतील.

१६ मे

ती समोर बसते. खात नाही. मी जेवतो ते बघते.

मास्क हलत नाही. श्वास घेताना कापड आत-बाहेर होतं, माझंही होतं. तिचं— मी खूप वेळ पाहिलं. तिचं नाही.

शेजारी हंसाबेनना हाक मारावी, तर त्यांच्या दाराला कुलूप. लेकीकडे मालाडला गेल्यात.

१७ मे

मी विचारलं, बाई, तू कोण? म्हणाली, पपा, तुम्ही विसरता. गोड बोलली. संघप्रिया कधी गोड बोलत नाही.

मी विसरतो हे खरं आहे. मग—

१८ मे, संध्याकाळ

ती स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज येतोय.

बेल वाजली. भोकातून पाहिलं. बाहेर संघप्रिया. मास्क हनुवटीवर ओढलेला, गाल बसलेले, मनगटाला हॉस्पिटलची पट्टी. जयभीम पपा, उघडा, म्हणते. बारा तारखेपासून हॉस्पिटलातच अ‍ॅडमिट होते, उदयला कळू नये म्हणून मेसेज करत राहिले, हंसाबेन तुम्हाला डबा देतायत असं समजून होते. रडते आहे. शिव्याही घालते आहे, म्हातारबा, बहिरे झालात का, म्हणून.

भांडी थांबली.

आतली माझ्या मागे येऊन उभी आहे. वही दारावर टेकवून लिहितोय, वळत नाही. ती म्हणते, उघडू नका पपा, ती तुम्हाला आश्रमात न्यायला आलीय. उघडलं की तुम्ही बाहेर.

मी ओरडून विचारलं, संघप्रिया कोण?

दोघी एकदमच म्हणाल्या, मी. एक दाराबाहेरून. एक अगदी मानेपाशी, आणि मानेला श्वासाचा वारा लागला नाही—

कडी घट्ट आहे. उघडतो. नेलं तर नेलं, पण मी उघड—