देवमाशीण बुटकी झाली

तीर्थरूप आईस,
तुला आणि तुझ्या शिलाई मशीनला नमस्कार.

मी मजेत आहे. बोट लागायची थांबली, जेवण अंगी लागतंय.

तू टेप लावतेस, मी ड्रोनच्या फोटोंवरून देवमासे मापते. परवा आमची लेकुरवाळी मादी खूपच रोड भरली. मी घाईघाईने पुन्हा मापलं. पण ती लांबीलाही कमी भरली, तेव्हा ट्यूब पेटली: अगं, बाई रोडावते, बुटकी होत नाही! ड्रोन होता त्याहून कमी उंचीवर असल्याचं मी लिहिलं होतं, म्हणून सगळीच मापं लहान आली. लेकराला पाजूनही बया चांगली गरगरीत आहे.

बाबा वेळेवर जेवतात ना? ताई सांगत होती, तू तुझ्या ब्लाउजची शिवण दोनदा आत घेतलीस. टेप गळ्यातच असते ना? मग खरं माप कळव. एवढ्या लांबून मला फक्त देवमासे मापता येतात.

तुझी,
धाकटी